वा! म्हणा, आणि आत या

तुमची झोप मोडते ती ‘पाल, पाल’ या हाकेनं. दचकून तुम्ही आढ्याकडे बघता, मग भिंतीच्या कोपऱ्यांत. कुठं काही नाही. हाक रस्त्यावरून येते आहे आणि ती मारणाऱ्या बाईच्या कमरेवर पितळेची कळशी आहे. ओसरीवर बसलेल्या आजी तुमची धांदल बघून पदर तोंडाला लावतात.

“भिऊ नका पाहुणे, दूधवाली आलीय. इथं दुधाला पाल म्हणतात. आम्ही बेंगरुळाहून आलो ना, तेव्हा मी पण असंच अंथरूण झटकलं होतं.”

साल १७०० च्या आगेमागे. गाव तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी कावेरीच्या खोऱ्यातली ही गादी घेतली, त्याला पाव शतक झालं. १६८४ पासून त्यांचे थोरले चिरंजीव शहाजीराजे राज्य करताहेत. दरबारात पंडितांची संस्कृत आहे, मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या वेळेपासून मुरलेली तेलुगू आहे, राजघराण्याची मराठी आहे. आणि शेतात, देवळात, बाजारात, पाणवठ्यावर तमिळ आहे. या साऱ्यांतून वाट काढत तुम्हाला दिवस घालवायचा आहे.

रात्रीचीच गोष्ट आठवा. झोपताना तुम्ही कामवालीकडे उशी मागितलीत. ती आत गेली आणि सुई घेऊन आली, दोरासुद्धा ओवून आणला होता. तिच्या भाषेत ‘ऊसी’ म्हणजे सुई. गोंधळून तुम्ही ‘काय?’ म्हणालात, तर तिनं हात पुढं केला. ‘कै’ म्हणजे हात. समईच्या उजेडात एकीकडे तुमचा ओशाळा चेहरा, दुसरीकडे तिचा पुढं आलेला तळवा. आधी तीच हसली. मग तुम्ही. मग आतून आजी. उशी तेव्हा कुठं मिळाली.

आता बाहेर पडा. दारापुढं तांदळाच्या पिठाचं कोलम काढलेलं आहे, त्याला वळसा घाला. चिंचेच्या झाडाखाली मडकं मांडून बसलेली म्हातारी ‘मोर, मोर’ ओरडते आहे. पिसारा शोधू नका. ती ताक विकते आहे, आलं आणि कढीपत्ता ठेचून घातलेलं, मातीच्या वासाचं. तिच्यासमोर एक कोकणातला शिलेदार उभा आहे. दुसरा पेला ती पुढं करते, तेव्हा तो हात हलवत म्हणतो, “नाय, नाय.” म्हातारी चपापून मागं वळून बघते आणि काठी उचलते, कारण ‘नाय’ म्हणजे कुत्रं. मडक्याशी कुत्रं आलं असं तिला वाटलं. पारावरची पोरं पोट धरून हसतात. शिलेदार दर सकाळी इथं येतो, त्याला हे सगळं पाठ आहे. तो मुद्दाम नाय म्हणतो. आणि म्हातारीलाही पाठ आहे. तीही मुद्दाम काठी उचलते.

इथं जरा थांबा, कारण तंजावरचं मर्म या पारावर आहे. परक्या शब्दाला चुकून हसणं हा पहिला दिवस झाला. तीच चूक दोघांनी ठरवून रोज करणं हा शेजार झाला. असा विनोद करायला दोन्ही भाषा थोड्या थोड्या याव्या लागतात, आणि समोरच्यालाही त्या येतात असा भरवसा लागतो. हा भरवसा कुठल्याही तहाच्या कलमात लिहिता येत नाही. तो ताकाच्या मडक्याशी तयार होतो.

बाजारातून फिरताना कानाला सवय होत जाते. ‘पाट्टी’ म्हणजे आजी, तुमची पाटी नव्हे. ‘काल’ म्हणजे पाय, त्यामुळे “काल दुखत होतं” असं म्हणालात तर वैद्य थेट पायच धरेल. पण काही शब्द जणू तुमची वाटच बघत बसलेले असतात. थोरल्या बहिणीला इथंही अक्का म्हणतात. वरच्या मजल्याला इथंही माडी. परक्या गावात कुणी ‘अक्का’ अशी हाक मारली की मान आपोआप वळते.

दुपारी आजींच्या पंगतीला केळीचं पान. त्यावर भात, आणि भातावर चिंचेच्या कोळातलं, डाळ आणि वाटलेलं खोबरं घातलेलं वांगं. याचं नाव रसवांगी. आजी म्हणतात, रस आणि वांगी, झाली रसवांगी, त्यात विचारायचं काय? शेजारच्या तमिळ काकू मान हलवतात. त्यांच्या भाषेत ‘वांगी’ म्हणजे घेऊन, शोषून. रस पिऊन घेतलेली भाजी ती रसवांगी. दोघी आपापल्या जागी ठाम आहेत. तुम्ही पहिला घास घ्या आणि दोघींनाही खरं म्हणा. वांग्यानं रस प्यायलेला आहे, आणि वांगं ते वांगंच आहे.

संध्याकाळी राजवाड्याकडे चला. शहाजीराजे स्वतः लिहितात. तेलुगूत लिहितात, आणि मराठीतही. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या १८४३ च्या प्रयोगाच्या दीडएकशे वर्षं आधीचं. आज मात्र ‘पंचभाषाविलास’ आहे. कृष्णावर जीव जडलेल्या चार राजकन्या: एक तमिळ मुलखातली, एक आंध्रातली, एक महाराष्ट्रातली, एक उत्तरेकडची. चौघी आपापल्या भाषेत बोलतात, आणि पाचवी भाषा संस्कृत. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं ते एकट्या कृष्णानं.

मंडपात बसा आणि रंगमंचाइतकंच प्रेक्षकांकडेही बघा. तेलुगूतली एखादी कोपरखळी आली की डावा कोपरा हसतो. त्यातला एक जण शेजाऱ्याच्या कानात तमिळमध्ये सांगतो आणि हसू मधल्या रांगांत पोचतं. तिथून ते मराठी सरदारांपर्यंत येतं, तेव्हा डावा कोपरा त्यांना हसताना बघून दुसऱ्यांदा हसतो. महाराष्ट्राची राजकन्या बोलू लागते तेव्हा तुमची पाळी आधी येते. तुम्ही न राहवून मोठ्यानं म्हणता, “वा! वा!”

पुढच्या रांगेतला गृहस्थ वळतो, उठतो आणि येऊन तुमच्याशेजारी मांडी घालून बसतो. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. तुम्ही दोनदा बोलावलंत, तो आला.

समजावून सांगू नका. सरकून जागा द्या.

*

नाटक संपतं, तुम्ही मंडपाबाहेर येता, आणि बाहेर शंभर वर्षं उलटून गेलेली असतात.

छिन्नीचा आवाज येतो आहे. समोर बृहदीश्वराचं देऊळ, राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं. त्याचं विमान, म्हणजे शिखर, दोनशे फुटांवर उंच, तोंड वर करून बघताना पागोटं पडेल एवढं. त्याच्या पायथ्याच्या दगडांवर चोळांचे तमिळ लेख आहेत: कुणी किती दान दिलं, कुणाला किती भात मोजून द्यायचा, सगळा हिशोब. आणि आता, १८०३ मध्ये, त्याच देवळाच्या आवारातल्या भिंतीवर पाथरवट देवनागरीत मराठी अक्षरं खोदताहेत. भोसले घराण्याचा सगळा इतिहास दगडावर उतरतो आहे. हात ठेवून बघा. अक्षरांच्या कडा अजून धारदार आहेत, बोटांना दगडाची पांढरी पूड लागते.

एवढा मोठा इतिहास दगडात कोरायची निकड कशाला, असं वाटेल. गादीवर दुसरे सरफोजीराजे आहेत. १७९८ मध्ये राज्यावर बसले, आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह होऊन मुलखाचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे राहिलं काय, तर किल्ला आणि आतलं गाव. ज्याचं राज्य चार भिंतींत आलं, तो माणूस त्या भिंतींत काय करतो, हे बघायला आत या.

तो पुस्तकं जमवतो. नायकांच्या वेळेपासूनचा सरस्वती महाल त्यानं असा भरला की त्याच्या काशीयात्रेतूनही पोथ्या आल्या. तो ‘नवविद्या कलानिधी’ नावाची शाळा काढतो. धन्वंतरी महालात रोग्यांवर उपचार करवतो. डोळ्यांचे आजार झालेल्यांची टिपणं आणि त्या डोळ्यांची रंगीत चित्रं तिथं काढून ठेवली जातात. वाड्यात विलायती वाद्यांचा बँड वाजतो. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ याच दरबारात पुढं नाचाची अशी घडी बसवतील की आजचं भरतनाट्यम त्या घडीवर उभं आहे. आणि एका दालनात देवनागरी खिळे जुळवण्याचं काम चाललंय. ओल्या शाईचा वास येतो? १८०६ साल आहे. छापून निघतंय ते ‘बालबोध मुक्तावली’, इसापच्या गोष्टींचं मराठी रूप. मराठीतल्या पहिल्या काही छापील पुस्तकांपैकी हे एक, आणि ते आहे मुलांना हसवत शहाणं करणाऱ्या गोष्टींचं. ग्रीसचा कोल्हा कावेरीकाठी येऊन मराठी बोलू लागला.

पण या राजाची सगळ्यात सुंदर करामत पाहायची तर कुरवंजी बघा. कुरवंजी म्हणजे तमिळ रंगभूमीवरची डोंगरातली भविष्य सांगणारी बाई. काखेत परडी, हातात काठी, तोंडाचा पट्टा सुटलेला. प्रेमानं झुरणाऱ्या नायिकेपाशी ती येते, आपल्या डोंगराची फुशारकी सांगते, मग हात बघून म्हणते, तुझा राजा तुला भेटेल. बक्षीस घेऊन ती निघते, तर तिला शोधत नवरा येतो, पाखरं धरणारा सिंगन. बायकोच्या अंगावर नवे दागिने बघून तो हादरतो. हे पायात वेटोळं घालून काय बसलंय, साप का? ते तोडे आहेत रे. आणि हे कुठून आले? ती प्रत्येक दागिन्याचा हिशोब देते, तो प्रत्येकाला काहीतरी भलतंच समजतो. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका एकमेकींना ढोसतात. हे नवरा-बायकोचं भांडण त्यांच्या घरचं आहे.

आता सरफोजीराजांच्या नावावरची ‘देवेंद्र कुरवंजी’ ऐका. ही मराठीत आहे. तीच डोंगरातली बाई, तीच परडी, तोच तोरा. पण आपल्या डोंगराची फुशारकी सांगायच्या जागी ती जगाचा भूगोल गाऊ लागते. खंडांमागून खंड, देशांमागून देश. श्रोते आधी हसतात, कारण कालपर्यंत माकडांच्या आणि मधाच्या गोष्टी सांगणारी बाई आज युरोप-अमेरिकेच्या गप्पा मारते आहे. हसता हसता गप्प होतात, आणि मग कान देऊन ऐकतात.

तुम्ही त्या राजाचा विचार करा. वेशीबाहेरच्या गावाचा सारा वसूल करायचा अधिकार त्याला नाही. आणि तो सगळी पृथ्वी एका भटक्या बाईच्या परडीत घालून आपल्या माणसांपुढं ठेवतो, त्यांच्या ओळखीच्या चालीवर, त्यांच्या ओळखीच्या हसण्यातून. ज्ञान देताना त्यानं श्रोत्यांचा मान राखला. त्यांना खाली बसवून धडा दिला नाही, खेळ दाखवला. शिकवावं कसं, हे मला या एका कृतीतून जितकं कळलं, तितकं कुठल्या भाषणातून कळलं नाही.

*

आता रात्र आहे आणि ढोलांचा आवाज येतो आहे.

१८८० च्या सुमाराचं साल. राज्य संपून पंचवीस वर्षं झाली. सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले, मुलगा नव्हता, इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. मराठीला आता दरबार नाही, फर्मान नाही, बक्षीस नाही. मग ती इथून जायला हवी होती. गेली का, ते बघा.

एका घराच्या मंडपात तंजावर कृष्ण भागवतर उभे आहेत. हातात चिपळ्या, गळ्यात हार. गोष्ट तमिळमध्ये चालली आहे, पण मध्येच साकी येते, दिंडी येते, ओवी येते, अभंग येतो. रामचंद्रबुवा मोरगावकरांची मराठी कीर्तनं तंजावरनं ऐकली, आणि त्या साच्यात भागवतरांनी तमिळ हरिकथा ओतली. कथा गंभीर झाली की ते एक उपकथा सोडतात, लोभी सावकाराची किंवा विसरभोळ्या शास्त्र्याची. मंडप हसतो, आणि हसून मोकळ्या झालेल्या मनात पुढचा अभंग खोल उतरतो. हे तंत्र तुमच्या ओळखीचं आहे. तुमच्या गावच्या बुवांनी तुम्हाला असंच हसवून रडवलेलं आहे.

ढोल मात्र तिथले नाहीत. गावाबाहेर चला. होळीचे दिवस आहेत, इथं त्याला कामन पंडिगै म्हणतात, कामदेवाचा सण. मैदानात पेंढ्यानं गुंडाळलेला खांब रोवलाय, तो मदन. दोन्ही बाजूंना दोन गायक, दोघांच्या हातात डफ. आणि ते जे गातात त्याचं नाव काय? लावणी.

चमकू नका, नाव खरंच तेच आहे. तुमच्याकडे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष शक्ती मोठी की शिव मोठा म्हणून रात्र रात्र सवाल-जवाब करतात. ती रीत मराठ्यांबरोबर कावेरीपर्यंत आली आणि इथं तिनं नवाच वाद शोधला. शंकरानं तिसरा डोळा उघडला तेव्हा मदन जळाला की जळाला नाही? ‘एरिंद कट्चि’ म्हणजे जळाला म्हणणारा पक्ष. ‘एरियाद कट्चि’ म्हणजे जळालाच नाही म्हणणारा.

जवळ जाऊन ऐका. एक जण डफावर थाप मारून विचारतो: मदन जळाला म्हणतोस, मग या मैदानातली पोरं दर वसंतात वेडी का होतात, बाण मारतो कोण? टाळ्या. दुसरा डफ कानाशी धरून शांतपणे उत्तरतो: नाही जळाला म्हणतोस, मग रती कुणासाठी रडली, आणि त्याला अनंग का म्हणतात? दुप्पट टाळ्या. पुराणातले दाखले संपले की स्वारी एकमेकांच्या गावावर, गुरूवर, पागोट्यावर येते. चिलीम ओढत बसलेले म्हातारे गुण मोजतात. पहाट होते, खांबाला आग लागते, पेंढा भुरुभुरु जळतो, आणि दोन्ही गायक एकाच चुलाणाशी बसून आपला वाद अजून जिवंत असल्याचं सांगतात. निकाल लागत नाही. लागला तर पुढल्या वर्षी गायचं काय?

राजानं हुकूम केला म्हणून ही लावणी टिकली नाही, राजा उरलाच नव्हता. शेतकऱ्यांनी, कोष्ट्यांनी, मजुरांनी ती टिकवली, कारण त्यांना तिच्यात मजा आली. त्यांनी भाषा बदलली, देव बदलला, प्रश्न बदलला, आणि डफ तोच ठेवला. वारसा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा डफ दाखवीन.

*

आणि आता तुम्ही आजच्या तंजावरात, देवळासमोरच्या रस्त्यावर उभे आहात. रिक्षांचे भोंगे, मोगऱ्याचे गजरे, फिल्टर कॉफीचा वास. चहाच्या टपरीवर दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचताहेत. दोन पुढाऱ्यांची रोजची चकमक छापून आलीय. त्यांतला एक पेपर घडी करून म्हणतो, लावणी चाललीय यांची. ज्या वादाला शेवट नाही, त्याला तमिळमध्ये आजही हा शब्द वापरतात. बोलणाऱ्याला तो मराठी वाटत नाही. तो त्याचाच आहे.

सरस्वती महालात मोडी कागदांची शेकडो दफ्तरं आणि हजारोंनी मराठी पोथ्या अजून जपलेल्या आहेत. गावात पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. शेजारी त्यांना रायर म्हणतात. त्यांची मराठी कानावर पडली तर घाईनं ‘अशुद्ध’ म्हणू नका. शब्द आपले आहेत, चाल कावेरीची आहे. साडेतीनशे वर्षं ज्या सुरात शेजार ऐकला, तो सूर जिभेवर यायचाच.

दुकानाच्या फळीवर तलैयाट्टी बोम्मै मांडून ठेवल्या आहेत, मान डोलावणाऱ्या बाहुल्या. एक नर्तकी हातात घ्या. डोकं, धड आणि घागरा हे वेगवेगळे भाग आहेत, एकेक भाग तारेच्या टोकावर तोललेला. फुंकर मारा: आधी मान डोलते, मग कंबर, मग घागरा, तिन्ही आपापल्या लयीत. शेजारी राजा-राणी आहेत. त्यांचं बूड गोल आणि मातीनं जड केलेलं, वरचं अंग हलकं. बोटानं राजाला आडवा करा. तो झोपतो, डुलतो आणि उठून बसतो. पुन्हा पाडा, पुन्हा उठतो. जड काय ते तळाशी आहे, म्हणून त्याला पडण्याचं भय नाही.

दुकानदार आतून तुम्हाला बघतो आणि हसून म्हणतो, “वांग, वांग.”

तुमच्या डोळ्यांपुढं क्षणभर केळीचं पान येतं, आजी येतात, चिंचेच्या कोळातलं वांगं येतं. तो मानानं बोलावतो आहे, या, या म्हणतो आहे. राजा अजून डुलतो आहे. तुमच्या तोंडून आपसूक निघतं, “वा!”

तो फळी ओलांडून बाहेर येतो आणि तुमच्याशेजारी उभा राहतो.